हॉट स्वॅप कंट्रोलर: इनरश करंट आणि ओव्हरकरंट संरक्षणाची आखणी, आकड्यांसह

चालू बॅकप्लेनमध्ये, म्हणजे अनेक कार्डांना वीज पुरवणाऱ्या मुख्य बोर्डात, कार्ड सरकवलं (यालाच हॉट स्वॅप म्हणतात) की त्यावरचे रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखे वागतात. करंट अडवायला असतात ते फक्त कनेक्टरच्या पिना, तांब्याचे ट्रॅक आणि कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स. ४८ व्होल्ट आणि वाटेत एकूण ५० मिलीओहम धरले तर या पहिल्या उसळीचा, म्हणजे इनरश करंटचा, हिशेब ९६० अँपिअरवर जातो. वायरिंगच्या इंडक्टन्समुळे प्रत्यक्षात एवढा करंट वाहत नाही, पण शंभर अँपिअर सहज ओलांडले जातात. पिनांवर ठिणगी पडून खड्डे पडतात, बॅकप्लेनचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि शेजारची, काही संबंध नसलेली कार्डं रीसेट होतात. हे शेवटचं दुखणं शोधायला सर्वांत अवघड, कारण बिघाड दिसतो एका कार्डावर आणि कारण असतं दुसऱ्यावर.

हॉट स्वॅप कंट्रोलर पुरवठ्याच्या वाटेत एक एन-चॅनल मॉस्फेट (गेटच्या व्होल्टेजने उघडणारा-मिटणारा स्विच) ठेवतो, त्याआधी करंट मोजायला काही मिलीओहमचा सेन्स रेझिस्टर लावतो आणि मॉस्फेटचं गेट हळूहळू उघडतो. करंट मर्यादेपलीकडे गेला की गेट आवळतो आणि टायमर सुरू करतो. टायमर संपला की मॉस्फेट पूर्ण बंद. कल्पना एवढीच आहे. अडचण अशी की गेट अर्धवट उघडं असताना मॉस्फेटवर पूर्ण व्होल्टेज असतो आणि त्यातून करंटही वाहत असतो, म्हणजे तो त्या वेळी हीटर असतो. हॉट स्वॅपची सगळी आखणी या काही मिलीसेकंदांत मॉस्फेट जगेल की नाही, याभोवती फिरते. आयसी कोणता घ्यायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

खालचा हिशेब एका ठरावीक उदाहरणावर आहे. इनपुट ४० ते ६० व्होल्ट, लोड २०० वॉटचा डीसी-डीसी कन्व्हर्टर, त्याच्या इनपुटला ४७० मायक्रोफॅरड. कंट्रोलरचे आकडे असे धरले आहेत: करंट लिमिटचा थ्रेशोल्ड ५० मिलीव्होल्ट, १० टक्के कमी-जास्त, गेट करंट २० मायक्रोअँपिअर, टायमर पिनमधून त्याच्या कपॅसिटरला ८० मायक्रोअँपिअर आणि तो ४ व्होल्टला पोहोचला की ट्रिप, म्हणजे मॉस्फेट बंद. तुमच्या डेटाशीटमधले आकडे वेगळे असतील, रीत तीच.

सेन्स रेझिस्टर

सर्वांत जास्त करंट सर्वांत कमी व्होल्टेजला लागतो: २०० ÷ ४० = ५ अँपिअर. थ्रेशोल्ड सर्वांत खालचा, म्हणजे ४५ मिलीव्होल्ट, असतानाही नेहमीच्या लोडवर ट्रिप होता कामा नये, म्हणून २० टक्के मोकळीक ठेवून ६ अँपिअर धरा. ४५ ÷ ६ = ७.५ मिलीओहम. त्याखालचा मिळणारा भाग ७ मिलीओहमचा. मग लिमिट कमीत कमी ६.४३, साधारण ७.१४ आणि जास्तीत जास्त ७.८६ अँपिअर येतो. हे तीनही आकडे लिहून ठेवा. लोड चालेल का हे पाहताना सर्वांत लहान आकडा वापरायचा आणि मॉस्फेट जगेल का हे पाहताना सर्वांत मोठा. दोन्हीकडे मधला आकडा घालून केलेली आखणी टेबलावर चालते आणि शंभरातल्या काही कार्डांवर फसते.

७.८६ अँपिअरला रेझिस्टरमध्ये ०.४३ वॉट जातात; १ वॉटचा, १ टक्का अचूकतेचा भाग घ्या. खरी चूक होते ती लेआउटमध्ये. १ औंस तांब्याचा चौकोनी तुकडा साधारण ०.५ मिलीओहमचा असतो. सेन्सच्या रेषा रेझिस्टरच्या पॅडपासून एका चौकोनाएवढ्या लांबून घेतल्या तर ७ मिलीओहमचे ७.५ होतात, लिमिट ७ टक्क्यांनी खाली येतो आणि तांबं तापलं की आणखी सरकतो. दोन्ही रेषा पॅडच्या आतल्या बाजूने, वेगळ्या, शेजारी-शेजारी काढा. त्या वाटेवर इतर कुठलाही करंट वाहू देऊ नका.

इनरश: ऊर्जा ठरलेली, वेळ आपल्या हातात

कपॅसिटर भरताना मॉस्फेटमध्ये जिरणारी ऊर्जा अर्धा × कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग. ६० व्होल्टला ४७० मायक्रोफॅरडसाठी ती ०.८५ जूल येते. हळू भरा किंवा झटपट भरा, हा आकडा बदलत नाही. मात्र एक अट आहे: भरत असताना लोड बंद असला पाहिजे.

फक्त करंट लिमिटच्या भरवशावर सुरुवात केली तर हे ०.८५ जूल सुमारे ४ मिलीसेकंदांत जातात आणि पहिल्या क्षणी मॉस्फेटवर ६० × ७.१४ = ४२८ वॉट असतात. त्याऐवजी गेटपासून ग्राउंडला कपॅसिटर लावा. गेटचा व्होल्टेज ठरावीक वेगाने चढतो, सोर्स (मॉस्फेटची आउटपुटकडची पिन) त्याच्या मागोमाग जातो आणि आउटपुटही त्याच वेगाने वर येतो. ४७ नॅनोफॅरड घेतले तर वेग २० मायक्रोअँपिअर ÷ ४७ नॅनोफॅरड = सेकंदाला सुमारे ४२५ व्होल्ट. इनरश करंट = ४७० मायक्रोफॅरड × ४२५ = ०.२ अँपिअर. पूर्ण भरायला १४१ मिलीसेकंद, मॉस्फेटवर सुरुवातीला १२ वॉट आणि मग उतरत शून्य. ०.२ अँपिअर हा लिमिटच्या कितीतरी खाली असल्यामुळे नेहमीच्या सुरुवातीत टायमर चालतच नाही. या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच: टायमर कपॅसिटर भरण्याच्या वेळेशी बांधलेला राहत नाही, तो फक्त बिघाडासाठी निवडता येतो.

गेट कपॅसिटर लावताना तीन गोष्टी सोडू नका. त्याच्याशी सिरीजमध्ये १ किलोओहम हवा. नाहीतर शॉर्टच्या वेळी कंट्रोलरला मॉस्फेटच्या गेटबरोबर हे ४७ नॅनोफॅरडही रिकामे करावे लागतात आणि बंद होणं लांबतं. दुसरं, गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १५ व्होल्टचा झेनर लावा, कंट्रोलरच्या आत क्लॅम्प नसेल तर नक्कीच. आउटपुट अचानक शॉर्ट झालं की सोर्स शून्यावर येतो, पण गेट कपॅसिटरवर अजून पुरवठ्याएवढा व्होल्टेज असतो. गेटचं ऑक्साइड साधारण २० व्होल्टपर्यंतच सोसतं. तिसरं, गेटला अगदी चिकटून १० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे मॉस्फेट अर्धवट उघडा असताना उच्च फ्रिक्वेन्सीला थरथरणार नाही.

लोड बंद ठेवण्याची अट कंट्रोलरच्या पॉवर-गुड पिनने, म्हणजे आउटपुट पूर्ण चढल्याचं सांगणाऱ्या पिनने, पाळायची. ती पिन कन्व्हर्टरच्या इनेबलला जोडा. हे न करता कन्व्हर्टरच्या स्वतःच्या अंडरव्होल्टेज मर्यादेवर (ज्याखाली तो बंद राहतो) विसंबलं तर काय होतं ते पाहा: ४८ व्होल्टच्या इनपुटवर आउटपुट चढत ३६ व्होल्टला पोहोचतं, कन्व्हर्टर जागा होतो आणि ५.५ अँपिअर ओढू लागतो. मॉस्फेटवर अजून १२ व्होल्ट आहेत, म्हणजे ६६ वॉट. करंट लिमिटच्या खाली असल्यामुळे टायमरला काहीच कळत नाही. आउटपुट पुन्हा खाली ओढलं जातं, कन्व्हर्टर बंद होतो, पुन्हा चालू होतो. बाहेरून कार्ड 'कधी कधी सुरू होत नाही' एवढंच दिसतं.

एसओएचा आलेख वाचायची रीत

डेटाशीटमधला सेफ ऑपरेटिंग एरिया, म्हणजे एसओए (कोणत्या व्होल्टेजला किती करंट किती वेळ सोसेल याचा आलेख), हा बहुतेक वेळा केस २५ अंशांवर असताना, एकाच पल्ससाठी काढलेला असतो. कार्ड आधीपासून तापलेलं असेल तर आलेखातला करंट कमी करून घ्यावा लागतो. जंक्शनची मर्यादा १७५ अंश आणि सुरुवातीचं तापमान ८५ अंश असेल तर गुणक (१७५ − ८५) ÷ (१७५ − २५) = ०.६. मर्यादा १५० अंशांची असेल तर ०.५२.

दुसरा सापळा कमी आरडीएस-ऑनचा, म्हणजे पूर्ण उघडलेल्या मॉस्फेटच्या कमी रेझिस्टन्सचा. आधुनिक ट्रेंच मॉस्फेट स्विचिंगसाठी बनवलेले असतात. जास्त व्होल्टेज आणि कमी करंट या कोपऱ्यात त्यांच्या चिपचा जो भाग थोडा जास्त तापतो, तिथला थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला मॉस्फेट उघडू लागतो तो) घसरतो, तिथून जास्त करंट जातो, तो भाग आणखी तापतो. याला स्पिरिटो इफेक्ट म्हणतात. आलेखात तो उजव्या बाजूला रेषा एकाएकी तीव्र उतरू लागते तिथे दिसतो. इथे आपल्याला ५ अँपिअरच चालवायचे आहेत, तापल्यावर ८.५ मिलीओहम झालेला मॉस्फेटही ०.२१ वॉटच खातो. म्हणून २ मिलीओहमच्या भागामागे धावू नका. लिनियर मोडसाठी किंवा हॉट स्वॅपसाठी म्हणून विकला जाणारा, मोठ्या चिपचा, १०० व्होल्टचा भाग घ्या. दोन मॉस्फेट पॅरलल लावल्याने एसओए दुप्पट होत नाही. गेट हळू चढताना ज्याचा थ्रेशोल्ड कमी तोच आधी उघडतो आणि जवळजवळ सगळा भार एकटा घेतो. पॅरललचा उपयोग पूर्ण उघडल्यानंतरचा रेझिस्टन्स कमी करण्यापुरता.

समजा निवडलेल्या मॉस्फेटचा आलेख ६० व्होल्टला १ मिलीसेकंदाच्या रेषेवर २० अँपिअर आणि १० मिलीसेकंदाच्या रेषेवर ६ अँपिअर दाखवतो. मधल्या वेळांसाठी दोन्ही अक्ष लॉगरिदमिक धरून सरळ रेषा काढा. सुरुवातीच्या चढासाठी १०० मिलीसेकंदाची रेषा पाहायची: ०.२ अँपिअरला ०.६ ने भागून आणि ३० टक्के मोकळीक धरून, ६० व्होल्टला निदान ०.४३ अँपिअर तिथे दिसले पाहिजेत. स्पिरिटो इफेक्ट चावतो तो नेमका याच कोपऱ्यात, त्यामुळे 'फक्त १२ वॉट' म्हणून ही तपासणी टाळू नका.

टायमर आणि शॉर्ट: खरी ओढाताण

आता आउटपुट शॉर्ट असलेलं कार्ड लावलं तर? मॉस्फेटवर पूर्ण ६० व्होल्ट आणि ७.८६ अँपिअर, म्हणजे ४७२ वॉट, टायमर संपेपर्यंत. टायमरला २२ नॅनोफॅरड लावले तर २२ नॅनोफॅरड × ४ ÷ ८० मायक्रोअँपिअर = १.१ मिलीसेकंद.

इथे एक छुपा वेळ मिसळतो. गेट कपॅसिटरमुळे गेट सेकंदाला ४२५ व्होल्टनेच चढतं. मॉस्फेटचा थ्रेशोल्ड ओलांडल्यापासून करंट ७ अँपिअरवर पोहोचायला गेटला आणखी ०.३ ते ०.५ व्होल्ट चढावं लागतं, म्हणजे ०.७ ते १.२ मिलीसेकंद. या काळात मॉस्फेट पूर्ण व्होल्टेजखाली तापतोय, पण लिमिट अजून गाठलेला नाही म्हणून टायमर थांबलेलाच आहे. करंट चढता असल्यामुळे या काळाचा अर्धा भाग पल्समध्ये धरा: १.१ + ०.६ = १.७ मिलीसेकंद. वरच्या आलेखावरून १.७ मिलीसेकंदाला १५.२ अँपिअर, त्याचे ०.६ पट ९.१ अँपिअर. गरज ७.८६ ची. मोकळीक १६ टक्केच. टायमर १० नॅनोफॅरडवर, म्हणजे ०.५ मिलीसेकंदावर आणला तर पल्स १.१ मिलीसेकंद होतो, ११.४ अँपिअर मिळतात आणि मोकळीक ४५ टक्के.

मॉस्फेट वाचला, पण आता सिस्टिम अडते. इनपुट एका फीडवरून दुसऱ्यावर गेलं आणि व्होल्टेज अचानक १० व्होल्टने वाढला, तर मॉस्फेट पूर्ण उघडा असल्यामुळे ४७० मायक्रोफॅरडला तेवढं भरावं लागतं आणि करंट लिमिटवर आदळतो. लोडचे ५ अँपिअर वजा जाता भरण्यासाठी उरतात ६.४३ − ५ = १.४३ अँपिअर. १० व्होल्टसाठी लागतात ३.३ मिलीसेकंद. ०.५ मिलीसेकंदाच्या टायमरमध्ये जेमतेम १.५ व्होल्ट भरतात. म्हणजे निरोगी कार्ड विनाकारण बंद पडेल. अनेक ठिकाणी 'कंट्रोलर खोटे फॉल्ट देतो' अशी तक्रार असते, ती बहुतेक अशीच.

यातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे फोल्डबॅक (मॉस्फेटवरचा व्होल्टेज वाढला की करंट लिमिट कमी करणं) किंवा पॉवर लिमिट असलेला कंट्रोलर. पॉवर लिमिटवाला मॉस्फेटवरचा व्होल्टेजही मोजतो आणि व्होल्टेज व करंट यांचा गुणाकार ठरलेल्या वॉटपलीकडे जाऊ देत नाही. पॉवर लिमिट १०० वॉट ठेवा. मॉस्फेटवर १० व्होल्ट असताना १० अँपिअरपर्यंत मुभा, म्हणजे पूर्ण करंट लिमिट मिळतो आणि वरची उसळी पार पडते. शॉर्टमध्ये ६० व्होल्ट असताना फक्त १.६७ अँपिअर. आता टायमर १०० नॅनोफॅरड, म्हणजे ५ मिलीसेकंद, ठेवता येतो. त्यात वरचे ०.६ मिळवून ५.६ मिलीसेकंदाला आलेख ८.१ अँपिअर देतो, तापमानाचा गुणक लावून ४.९, गरज १.६७ ची, भरपूर मोकळीक. ही मोकळीक लागतेच, कारण १.६७ अँपिअरला सेन्स रेझिस्टरवर ११.७ मिलीव्होल्टच असतात आणि आतल्या ऑफसेटमुळे पॉवर लिमिट बराच इकडे-तिकडे होतो. हा आकडा ५ मिलीव्होल्टच्या खाली जाईल असा पॉवर लिमिट कधीच निवडू नका.

१०० वॉटला १४ व्होल्टपेक्षा मोठी उसळी आली तर परवानगीचा करंट कमी होऊ लागतो, आणि २० व्होल्टला तो लोडएवढाच, ५ अँपिअर, उरतो. भरायला काहीच शिल्लक नाही; टायमर संपतो. तुमच्या सिस्टिममध्ये एवढी उसळी शक्य असेल तर कपॅसिटर कमी करा किंवा सेन्स रेझिस्टर लहान करून मॉस्फेटचा हिशेब पुन्हा करा.

चढ गेट कपॅसिटरने, बिघाड पॉवर लिमिटने: आमच्या मते ४८ व्होल्टच्या कार्डांसाठी हीच जोडी सर्वांत भरवशाची. फक्त पॉवर लिमिटने सुरुवातही करता येते, पण मग टायमर भरण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवावा लागतो आणि तीच लांबी शॉर्टमध्येही मॉस्फेटला सोसावी लागते. मोठ्या कपॅसिटरला ते परवडत नाही.

चालू असताना झालेला शॉर्ट

वाटेत ०.५ मायक्रोहेन्री असतील तर ४८ व्होल्टला करंट मायक्रोसेकंदाला ९६ अँपिअरने चढतो. करंट लिमिटची संथ लूप इथे उपयोगाची नाही. त्यासाठी दुप्पट-तिप्पट थ्रेशोल्डचा जलद कंपॅरेटर असतो, जो गेटला शेकडो मिलीअँपिअरने खाली खेचतो. मॉस्फेटच्या गेटवर १०० नॅनोकूलंब असतील तर २०० मिलीअँपिअरने ते अर्ध्या मायक्रोसेकंदात निघतात, २ मिलीअँपिअरने मात्र ५० मायक्रोसेकंद लागतात. डेटाशीटमध्ये गेटचे दोन वेगवेगळे पुल-डाऊन करंट दिलेले असतात. जलद ट्रिपचा कोणता, ते नीट वाचा. आवाज गाळायला सेन्सवर मोठा आरसी फिल्टर लावला तर हाच जलद प्रतिसाद गमावला जातो. फिल्टर लागलाच तर त्याचा वेळ काही शेकडा नॅनोसेकंदांच्या आत ठेवा.

मॉस्फेट झटकन बंद झाला की इनपुटच्या इंडक्टन्समधला करंट कुठेतरी जायला पाहिजे. कार्डाच्या इनपुटला मोठा कपॅसिटर ठेवता येत नाही, कारण त्याचाच इनरश होईल. म्हणून इनपुटला टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेजची उसळी दाबणारा डायोड. ६० व्होल्ट स्टँडऑफच्या (जिथपर्यंत तो शांत राहतो) भागाचा क्लॅम्प सुमारे ९७ व्होल्ट असतो, पण ६०० वॉटच्या भागासाठी हा आकडा ६.२ अँपिअरचा आहे आणि ३००० वॉटच्या भागासाठी ३१ अँपिअरचा. १०० अँपिअरवर करंट तोडणार असाल तर लहान टीव्हीएस १०० व्होल्टच्या मॉस्फेटला वाचवणार नाही. मोठा घ्या किंवा दोन लावा आणि कनेक्टर व कंट्रोलर यांच्या मध्ये, छोट्या रेषांनी. आउटपुटपासून ग्राउंडला शॉट्की डायोडही हवा. शॉर्ट झालेल्या केबलचा इंडक्टन्स आउटपुटला ग्राउंडच्या खाली ओढतो आणि कंट्रोलरच्या पिना ते सोसत नाहीत.

कनेक्टर, अंडरव्होल्टेज, पुन्हा प्रयत्न

ग्राउंडच्या पिना सर्वांत लांब, पुरवठ्याच्या त्याखालोखाल, आणि इनेबलची पिन सर्वांत आखूड ठेवा. कार्ड पूर्ण बसल्यावरच कंट्रोलर जागा होतो आणि काढताना आधी करंट बंद होतो, मग पिना सुटतात. पिना थरथरत बसतात म्हणून ५० ते १०० मिलीसेकंदांचा इन्सर्शन डिले ठेवा. अंडरव्होल्टेजचा हिस्टेरिसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर, केबलमधल्या घटीपेक्षा मोठा हवा. ०.२ ओहमच्या केबलमध्ये ५ अँपिअरला १ व्होल्ट पडतो. ३८ व्होल्टला चालू आणि ३५ ला बंद हे पुरेसं आहे, ०.५ व्होल्टचं अंतर असेल तर कार्ड चालू-बंद होत राहील.

फॉल्टनंतर लॅच करायचं (कुणी रीसेट करेपर्यंत बंदच ठेवायचं) की पुन्हा प्रयत्न करायचा, हे कार्ड कोण सांभाळतं यावर ठरवा. आपोआप पुन्हा प्रयत्न करणार असाल तर सरासरी काढा: १०० वॉट × ५ मिलीसेकंद = ०.५ जूल, दर ५०० मिलीसेकंदाला एकदा म्हणजे सरासरी १ वॉट. कायम शॉर्टमध्ये या १ वॉटने केस किती तापते ते पाहून, त्या तापमानावरून एसओएचा गुणक पुन्हा काढा.

तपासणी

बेंच सप्लाय सरळ जोडू नका. शॉर्टमध्ये तो स्वतःच करंट लिमिटमध्ये जातो आणि कार्ड सुरक्षित असल्याचं खोटं चित्र दिसतं. सप्लायच्या आउटपुटला जाड तारांनी काही हजार मायक्रोफॅरडचे, १०० व्होल्टचे कपॅसिटर जोडा, म्हणजे बॅकप्लेनसारखा कमी इंपिडन्स मिळतो. ऑसिलोस्कोपवर चार चॅनल: इनपुट व्होल्टेज, गेट, आउटपुट, करंट प्रोबने इनपुट करंट. डोळ्यांवर गॉगल.

आधी ४० व्होल्टला नेहमीची सुरुवात: आउटपुट सरळ रेषेत चढलं पाहिजे, करंट ०.२ अँपिअरच्या आसपास सपाट. मग ६० व्होल्टला. त्यानंतर आउटपुट शॉर्ट ठेवून सुरुवात. इथे गेट आणि करंट यांच्यावरून वर सांगितलेला छुपा वेळ प्रत्यक्ष मोजा आणि हिशेबात घाला. मग चालू असताना शॉर्ट: इलेक्ट्रॉनिक लोड यासाठी संथ पडतो, जाड तारांवर बसवलेला मोठा मॉस्फेट वापरा. इनपुटवरची उसळी थेट मॉस्फेटच्या ड्रेनवर (इनपुटकडच्या पिनवर) मोजा, प्रोबचं ग्राउंड आखूड स्प्रिंगचं. मग १० व्होल्टची इनपुट उसळी, पूर्ण लोडवर. शेवटी कार्ड काढून एका सेकंदाच्या आत पुन्हा लावा. गेट कपॅसिटर पूर्ण रिकामा न होता कंट्रोलर पुन्हा सुरू झाला तर चढ मधूनच सुरू होतो आणि करंट उडी मारतो. या सगळ्या तपासण्या कार्ड त्याच्या सर्वांत जास्त तापमानाला असताना परत करा.

मॉस्फेट गेलाच तर मल्टिमीटर बराच अंदाज देतो. ड्रेन आणि सोर्स, बहुधा गेटसकट, शॉर्ट दिसत असतील तर आधी एसओए आणि टायमर तपासा. ड्रेन-सोर्स ठीक पण गेट-सोर्समध्ये काही किलोओहमची गळती असेल तर गेटवर जास्त व्होल्टेज गेलाय. झेनर जागेवर आहे का ते पाहा.